असं समजा, मला बोलता येत नाही

समोरच्या मुलीने पिशवीतून कंगवा काढला, माझ्या डोळ्यांसमोर धरला आणि विचारलं, "काका, हे काय आहे?"

"कंगवा," मी म्हणालो.

तेही हळू नव्हे. शाळातपासणीला साहेब आल्यावर पहिल्या बाकावरचा मुलगा सांगतो तसं, खणखणीत. ती पुढची वस्तू काढेपर्यंत मला दम निघेना, म्हणून वर पुरवणीही जोडली. "फणी वेगळी बरं का. फणीला दोन्हीकडून दाते असतात."

मुलीने वळून कोपऱ्याकडे पाहिलं. भिंतीला लागून बसलेल्या तिच्या वर्गातल्या मुलामुलींनीही. कोपऱ्यातल्या खुर्चीवरच्या मॅडमनी चष्मा काढला, ओढणीने पुसला आणि पुन्हा घातला.

"काका," त्या म्हणाल्या, "तुम्हाला बोलता येत नाहीये."

"हो, माहितीये."

"डोक्यात रक्ताची गुठळी झाली, वाचा गेली. तुमच्याकडे तीनच शब्द उरलेत. हो, नाही आणि ते."

"हो हो, सगळं पाठ आहे माझं."

"मग बोलू नका ना."

मुलं हसली, मीही हसलो. मला आयुष्यात कोणी ना कोणी हे सांगतच आलंय, त्यामुळे मनाला लावून घ्यायचा प्रश्न नव्हता. पण ज्या आजाराचं सोंग मला दोन मिनिटंसुद्धा जमलं नाही, तो आजार माझ्या घरी डोंबिवलीला, खिडकीजवळच्या पलंगावर खराखुरा बसलेला होता. माझ्या बायकोला बोलता येत नव्हतं.

ते झालं दिवाळीनंतर. ती ओट्यापाशी उभी होती, फोडणीत मोहरी तडतडत होती. "अहो, जरा ते," एवढं म्हणाली आणि पुढचं आलंच नाही. मी बाहेर पेपर वाचत होतो. मला वाटलं, नेहमीप्रमाणे जरा ते म्हणजे डबा, नाहीतर पोळपाट. उठायला मी थोडा वेळ घेतला, तेवढ्यात फोडणी जळाल्याचा वास आला. आत गेलो तर तिचा उजवा हात ओट्यावरून खाली लोंबत होता आणि ती त्याच्याकडे दुसऱ्या कोणाचा तरी हात असल्यासारखी बघत होती.

हॉस्पिटल, आयसीयू, ते सगळं यथासांग झालं. जीव वाचला. पाय परत आला, काठी घेऊन का होईना चालायला लागली. हातही चमचा धरण्याइतका आला. बोलणं मात्र आलं नाही. डॉक्टर म्हणाले, ह्याला वाचाघात म्हणतात. त्यांना कळतं सगळं. शब्दही डोक्यात आहेत, पण तिथून तोंडात यायचा रस्ता बंद पडलाय. तो पुन्हा उघडायचा तर आत्ताच, ह्या पहिल्या काही महिन्यांत. नंतर फार कठीण होत जातं.

आमच्या घरात बोलण्याचं काम दोघांत वाटलेलं होतं. गोष्टी मी सांगायच्या आणि चुका तिने काढायच्या. बारशाला, डोहाळजेवणाला, कोणाच्या तेराव्यालासुद्धा माणसं माझ्याभोवती गोळा व्हायची. मी रंगात आलो की कोपऱ्यातून तिचा आवाज यायचा, "तेव्हा पाऊस नव्हता, मे महिना होता." नाहीतर, "साप नव्हता तो, रबरी पाइप होता." लोकांना गोष्टीपेक्षा ह्या दुरुस्तीचीच मजा वाटायची, हे मी उघडपणे कधी कबूल केलं नाही. आता मी पाइपाचा साप करू शकत होतो, सापाचा अजगर करू शकत होतो. कोणी अडवणारं नव्हतं. एवढं स्वातंत्र्य माणसाला मिळू नये.

मग मी दोघांच्या वाटचं बोलायला लागलो. आधीच बोलघेवडा, त्यात घरातली शांतता सहन होईना. सकाळी चहा ठेवताना सुरू व्हायचो. "आज आलं घालू का? घालतो. तुला आवडतं. साखर कमीच बरी, नाही का? हो, कमीच बरी." प्रश्न मी, उत्तर मी. कोणी भेटायला आलं की तिच्यासमोर बसून मला विचारायचं, "काय म्हणतायत वहिनी? झोप लागते का त्यांना?" आणि मी सांगायचो. तिच्या झोपेचं, तिच्या पोटाचं, तिच्या मनाचं, सगळं. ती काठीच्या मुठीवर बोटं फिरवत बसलेली असायची. आपल्याकडे आजारी माणसाला कोणी विचारतच नाही. त्याच्या शेजारच्याला विचारतात. त्याच्या शेजारचा मी होतो, आणि मला विचारलेलं आवडतं.

स्पीच थेरपीसाठी आम्ही ठाण्याला, कोपरीत जायचो. तिथे ह्याच विषयाचं कॉलेज आहे, मुलं शिकतात आणि पेशंटही बघतात. आठवड्यातून दोनदा रिक्षा ठरवून निघायचो. शीळफाट्याला अडकलो की मी तिला दोन्ही बाजूंच्या टॉवरांच्या जाहिराती वाचून दाखवायचो. ह्याच मॅडम तिला विचारायच्या, "काकू, आज कसं वाटतंय?" आणि मी म्हणायचो, "आज बरं आहे, काल जरा चिडचिड होती."

"मी काकूंना विचारलं."

"हो, त्यांच्या वतीनेच सांगतोय. एवढ्या वर्षांचा संसार आहे मॅडम. हिच्या मनात काय आहे ते मला हिच्याआधी कळतं." असं म्हणून मी गुडघ्यावर थाप मारायचो. ती माझी सवय आहे. बोलणं संपलं की थाप. बाहेरच्या हॉलमध्ये बसलेल्या इतर नातेवाइकांनाही मी हे थापेसकट ऐकवलेलं होतं.

सुरुवातीला ती प्रयत्न करायची. तिच्याकडे एक शब्द मात्र हुकमी होता, 'ते'. पाणी हवं तरी ते, पंखा बंद करा तरी ते. मॅडमनी शुभंकरोती सुरू करून दिलं की अर्ध्यापर्यंत म्हणायची. पाठ केलेलं असतं ते दुसऱ्या वाटेने येतं म्हणे. शुभंकरोती म्हणताना तिचा आवाज अगदी जुना, होता तसा यायचा. मी तेव्हा खिडकीतून बाहेर बघायचो.

आणि मग ते केळ्यांचं झालं.

एका संध्याकाळी मी तिच्यासमोर उभा राहून ऑफिसातली एक जुनी गंमत सांगत होतो. मानपाड्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी उभं आयुष्य काढलं, तेव्हा गमतींचा तोटा नाही. अचानक तिने डावा हात उचलला, माझ्या दिशेने केला आणि म्हणाली, "ते... ते..."

माझ्यामागे फ्रीज. फ्रीजवर केळ्यांचा घड.

"केळं?" मी म्हणालो, आणि उत्तराची वाट न बघता सोलून हातात दिलं. तिने मान हलवली. "मग शिकरण? शिकरण हवंय होय. सांगायचं ना." शिकरण केलं. तिने चमचाही लावला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच हात, पुन्हा "ते... ते..." मला वाटलं, जात चुकली. वेलची केळी आणली. मग राजेळी आणली, ती उकडून गूळ-तूप घालून दिली, कोकणातल्या माणसाला आणखी काय हवं. ती प्रत्येक वेळी हात करायची, मी प्रत्येक वेळी केळ्याचा नवा प्रकार पुढे करायचो. मेहुणी, म्हणजे हिची धाकटी बहीण, कल्याणहून मदतीला यायची. फ्रीजवर बघून ती म्हणाली, "भावोजी, घाऊक धंदा काढलात का? मार्केटात गाळा बघून ठेवू?"

"अगं, तिला हवी असतात."

"ती कुठे खाते?"

"मागते तर रोज."

एक दिवस मी शिकरणाची वाटी तिच्या तोंडाशी नेली. तिने डाव्या हाताने फटकारली. वाटी भिंतीवर, शिकरण कॅलेंडरवर. तिच्या डोळ्यांत असा राग मी आमच्या सगळ्या संसारात पाहिला नव्हता, आणि रागावण्यासारखं मी पुष्कळ केलेलं आहे. मग तिने भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर 'ते'सुद्धा बंद झालं. पाणी हवं तरी ती बोलेना, उठून आपल्या हाताने घ्यायची, अर्धं सांडायची. कोपरीला जायची, खुर्चीत बसायची, ओठ मिटून घ्यायची. चित्रं दाखवा, वस्तू दाखवा, शुभंकरोती सुरू करा, काही नाही. मी बाजूने म्हणायचो, "म्हण गं, येतं तुला, परवा म्हणालीस की." ती माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही.

शेवटी मॅडमनी मला बाहेर बोलावलं. "काका, काकूंनी स्वतःच सोडून दिलं तर माझ्या हातात काही राहत नाही. हा महिना बघू. नाहीतर थोडे दिवस थांबवू."

"थांबवू म्हणजे? डॉक्टर म्हणाले, हेच महिने."

"तेच तर."

मी काय काय बोललो ते आठवत नाही. हात जोडले एवढं आठवतं. जिन्यावरून मुलं येत-जात होती आणि मी भिंतीला टेकून हात जोडून उभा होतो. "मॅडम, मी काहीही करीन. तुम्ही म्हणाल ते. फक्त हिचं बंद करू नका."

"काहीही?"

"काहीही."

त्यांनी माझे जोडलेले हात खाली केले. मग म्हणाल्या, "गुरुवारी मुलांसाठी पेशंट म्हणून बसाल?"

त्यांनी समजावून सांगितलं. मुलांना एकदम खऱ्या पेशंटसमोर बसवत नाहीत. आधी धडधाकट माणसाला पेशंट व्हायला लावतात, त्याला आजार पढवतात, मुलं त्याच्यावर हात बसवतात. चुकली तर नुकसान नाही. अशी माणसं फुकट मिळत नाहीत आणि मिळाली तर दुसऱ्यांदा येत नाहीत. "तुम्ही परवा हॉलमध्ये सांगत होतात ना, गणपतीत नाटकात काम केलंय म्हणून."

केलं होतं. सोसायटीच्या नाटकात इन्स्पेक्टर. शेवटच्या प्रवेशात येऊन बेड्या घालायच्या, एवढंच काम. त्यातही बेड्या विंगेत विसरलेलो.

"आणि केस, दाढी, सगळं असंच राहू द्या," मॅडम म्हणाल्या. "अगदी पेशंट दिसताय."

ही मी शाबासकी समजलो. मनात हिशेब सरळ होता. आपण मॅडमच्या उपयोगी पडलो तर मॅडम हिला सोडणार नाहीत. काही लोक अशा वेळी अनवाणी टिटवाळ्याच्या गणपतीला जातात. मी गुरुवारी कोपरीला गेलो आणि कंगव्याला कंगवा म्हणून आलो.

माणूस मेटाकुटीला आला की त्याला काय सुचेल सांगता येत नाही. मला सुचलं की घरी सराव करावा. मॅडमनी पुढच्या गुरुवारी पुन्हा बोलावलं होतं, एक संधी म्हणून. तेव्हा मी हिच्यासमोर स्टूल घेऊन बसलो आणि म्हणालो, "बघ हं, जमतंय का. चुकलं तर सांग." आणि डावा हात उचलून, तोंड वाकडं करून, "ते... ते..." असं करून दाखवलं.

खरंच वाटलं होतं, ती हसेल. निदान मान हलवून म्हणेल, असं नाही, तसं. माझ्या चुका काढणं हे तिचं काम होतं, ते तिला परत देत होतो मी.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि पदराचं टोक डाव्या हाताने ओढून डोक्यावरून पुढे घेतलं. तोंड झाकून घेतलं. आमच्याकडे पदर डोक्यावर घ्यायची पद्धत माझ्या आईबरोबर संपली होती.

स्वयंपाकघराच्या दारात मेहुणी भाजीची परात घेऊन उभी होती. "भावोजी," ती हळू म्हणाली, "तुम्ही जरा खाली जाऊन या."

मी खाली गेलो. सोसायटीच्या फाटकाशी उभा राहिलो. वॉचमन म्हणाला, "काय काका, आज गप्प?" त्याला सांगण्यासारखं माझ्याकडे खरोखर काही नव्हतं.

दुसऱ्या गुरुवारी माझ्यासाठी नवी भूमिका होती. मी कल्याणच्या मार्केटमधला कांद्या-बटाट्याचा व्यापारी. वाचाघात झालेला. ह्या वेळी सोबत नातेवाईकही होता, म्हणजे त्याच वर्गातली एक चुणचुणीत मुलगी माझी सून झाली होती. कंगवेवाली मुलगी पुन्हा माझ्यासमोर, तिला मला तपासायचं होतं. मॅडमनी माझ्या कानात सांगितलं, "तुमच्या डोक्यावर पंखा आहे. तुम्हाला थंडी वाजतेय, तो बंद करायला हवाय. शब्द तेच तीन. ह्या वेळी कंगवा नाही."

कंगवेवालीने विचारलं, "काका, तुम्हाला काही हवंय का?"

मी हात वर केला. "ते."

"चहा," सून म्हणाली. "बाबांना ह्या वेळेला चहा लागतो."

"नाही," मी म्हणालो.

"नाही म्हणजे बिनसाखरेचा नको म्हणतायत." मुलं हसली. मीही आतून हसलो, मुलगी हुशार होती. मी पुन्हा हात वर केला, बोट वर केलं. "ते... ते..."

"देवाचं नाव घेतायत. हल्ली फार देव देव करतात." मग ती माझ्या कानाशी वाकली आणि मी बहिरा असल्यासारखी ओरडली, "बाबा, जाऊ हं आपण देवळात."

"नाही. ते."

"तुम्ही त्यांना विचारू नका," सून कंगवेवालीला म्हणाली, "दमतात ते. मला विचारा. एवढ्या वर्षांचा संसार आहे आमच्या घराचा. त्यांच्या मनात काय आहे ते मला त्यांच्याआधी कळतं." आणि तिने गुडघ्यावर थाप मारली.

वाक्य माझं होतं. थापही माझीच.

मला वाटतं, तिथे मी नाटकातून बाहेर पडलो, किंवा आत पडलो. पंखा हा शब्द माझ्या तोंडात पुरा तयार होता. दातांच्या मागे उभा होता. मी फक्त ओठ उघडायची खोटी होती. आणि ते करायचं नव्हतं, कारण ते केलं की हिचं बंद होईल, असं काहीतरी मी मनाशी घट्ट धरून बसलो होतो. त्यामुळे शब्द आत आणि मी बाहेर. डोक्यावर वारा. सून बोलतेय. माझ्या पोटाचं, माझ्या झोपेचं, मी किती चिडका झालोय त्याचं. समोरची मान हलवतेय, मुलं लिहून घेतायत. माझ्याबद्दल एवढं बोलणं चाललेलं आणि त्यात मी कुठेच नाही. मी पुन्हा "ते" म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"पाणी हवंय," सून म्हणाली, आणि तिने पेला माझ्या ओठांना लावला.

मी तो फटकारला. पाणी माझ्या शर्टावर, तिच्या ओढणीवर. मग मी खुर्चीतल्या खुर्चीत वळलो आणि भिंतीकडे तोंड करून बसलो. मॅडमनी हे पढवलेलं नव्हतं. भिंतीला पिवळा ऑइलपेंट होता, त्यात एका जागी खिळा काढल्याचं भोक होतं. मी त्या भोकाकडे बघत बसलो. मला एवढंच हवं होतं की सगळ्यांनी निघून जावं आणि पुन्हा कोणी मला काही विचारू नये.

मागे पेनांची खरखर थांबली. मग कंगवेवालीचा आवाज आला, "ताई, तुम्ही थोडा वेळ बाहेर बसा." सून गेल्याचा आवाज. खुर्ची सरकल्याचा. ती मुलगी माझ्या आणि भिंतीच्या मधल्या चिंचोळ्या जागेत खुर्ची घालून बसली, गुडघे माझ्या गुडघ्यांना लागतील इतक्या जवळ, आणि काहीच बोलली नाही. नुसती बसली. तिच्या कपाळावर घाम होता. तिलाही बोलावंसं वाटत असणार, परीक्षाच होती तिची. पण तिने मला वेळ दिला. केवढा तरी वेळ. मी मग बोट वर केलं, तिने माझ्या बोटावरून नजर वर नेली आणि विचारलं, "पंखा? बंद करू?"

"हो," मी म्हणालो. एवढा एक शब्द, तोही फुटला मधेच.

मॅडमनी थांबवलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सून धावत आली, "काका, सॉरी हं. बाहेर हॉलमध्ये तुम्हाला बघूनच उचललं सगळं. राग नाही ना आला?"

"छान केलंस," मी म्हणालो. पुढे काही पुरवणी सुचली नाही.

निघताना मॅडमना विचारलं, "मुद्दाम बोलावलंत ना मला?"

त्या वह्या गोळा करत होत्या. "काका, माणसं खरंच मिळत नाहीत हो," एवढंच म्हणाल्या.

आधीच सांगून ठेवतो, पुढे चमत्कार वगैरे काही झालेला नाही. आजही तिचे कितीतरी शब्द आलेले नाहीत. नातेवाइकांत माझ्या गोष्टी अजून दुरुस्तीविना फिरतायत. कोपरीला अजून जातो. काही दिवस असे असतात की रिक्षातून उतरताना आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत नाही. पण त्या दिवशीचं सांगायला हवं.

घरी पोचलो तेव्हा मेहुणी निघायच्या तयारीत होती. "आमटी झालीये, कुकर लावलाय, तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा. आणि भावोजी, आज तिच्याशी..." ती थांबली. "जाऊ दे," म्हणाली आणि गेली.

ही पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसलेली. मी सवयीने आणलेली केळी फ्रीजवरून उचलून आत ओट्यावर ठेवली. मग खुर्ची घेतली आणि त्या मुलीने घातली होती तशी, पलंग आणि भिंतीच्या मधे घुसवली. पोट आत घ्यावं लागलं. बसलो. गुडघ्याला गुडघा.

"तुला काय सांगायचं होतं ते मला कळलं नव्हतं," मी म्हणालो. "अजूनही कळलेलं नाही."

आणि गप्प बसलो.

हे लिहायला सोपं आहे. तिने डोळे वर करून माझ्याकडे पाहिलं, मला ताप आलाय की काय असं. मग खाली पाहिलं. कुकरची शिट्टी झाली. माझ्या तोंडात किती वाक्यं येऊन गेली. आज शीळफाट्याला काय झालं. मुलीने कशी थाप मारली. भूक लागलीये का. बरं वाटत नाही का. एकेक गिळत होतो. खालून भंगारवाल्याची हाक गेली. दुसरी शिट्टी. फोन वाजला, आमच्या मुलाचा असणार, तो रोज ह्याच वेळेला करतो. वाजू दिला. मला भीती वाटत होती. ती आता काहीच म्हणणार नाही आणि आपण असेच बसून राहू, आज, उद्या, कायमचे, ही भीती. इतके दिवस मी जे बोलत होतो ते हिच्यासाठी नव्हतंच, ह्या भीतीला घरात शिरू न देण्यासाठी होतं. आता ती शिरली होती आणि आमच्यात गुडघ्याएवढंच अंतर होतं.

तिसरी शिट्टी झाली. मी उठलो नाही.

तिचा डावा हात मांडीवरून उचलला गेला. माझ्या दिशेने आला. "ते..." ती म्हणाली. "ते..."

माझ्यामागे ह्या वेळी फ्रीज नव्हता. घड्याळ नव्हतं, कॅलेंडर नव्हतं. कोरी भिंत होती आणि तिच्यापुढे मी. हात थांबला नाही. पुढे आला, वर गेला, आणि तिची बोटं माझ्या कानावर आलेल्या झिपऱ्यांना लागली.

दिवाळीच्या आधी मी न्हाव्याकडे गेलो होतो. त्यानंतर कोणाला आठवण होती.

मला कळलं. शब्द टुणकन उडी मारून माझ्या ओठांवर आला. एकच शब्द, मी म्हटला असता तर तिने मान हलवली असती आणि सुटली असती बिचारी. मी जीभ दातांत धरली, अगदी दुखेपर्यंत. तिच्या ओठांचा चंबू झाला, मोडला, पुन्हा झाला. मानेची शीर ताठ झाली. डोळ्यांत पाणी आलं आणि ते रागाचं होतं. चौथी शिट्टी झाली. भाताचा लगदा होणार होता, होऊ दे.

"के," ती म्हणाली. बराच वेळ गेला. "केस."

मी नुसती मान हलवली.

"कापा."

मला वाटलं, झालं. उठणार होतो. तिने माझी झिपरी सोडली नाही, उलट खाली ओढून धरली, आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत, एकेक शब्द ओझ्यासारखा उचलून ठेवत म्हणाली, "ध्यान... दिसता."